काळ्या दगडावरची रेघ

ग्वाल्हेरचा सराफा बाजार मराठी माणसाला परका नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ आपल्या फौजेचा तळ दिला. त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि ‘लष्कर’ हे तळाचे नाव त्या शहराला कायमचे चिकटले. फौजेमागून कारकून आले, भिक्षुक आले, गवई आले आणि त्यांच्या घरांतून मराठी भाषाही तेथे नांदू लागली. महाराज बाड्यापासून थोड्याच अंतरावर जी सराफांची पेठ वसली, तिच्यात कित्येक मराठी घरांतील मुलींचे मंगळसूत्र घडले असेल आणि अडचणीच्या दिवशी तेच मंगळसूत्र पुन्हा त्याच पेठेत तराजूत पडले असेल.

अशा पेठेतील जुन्या पेढीवर पांढऱ्या गादीशेजारी एक वस्तू हमखास असे. ती म्हणजे कसाचा दगड. तळहातावर मावेल एवढा, काळाकुळकुळीत आणि गुळगुळीत. गिऱ्हाइकाने आणलेला दागिना सराफ त्या दगडावर हलकेच घासतो. पिवळी रेघ उमटते. तिच्या शेजारी माहितीच्या सोन्याची दुसरी रेघ ओढावयाची, दोहींवर तेजाबाचा थेंब सोडावयाचा आणि पाहावयाचे. हीण असेल ते विरून जाते व खरे असेल तेवढे दगडावर राहते. आता हॉलमार्कचा ठसा आला, विजेवर चालणारी यंत्रे आली, तथापि तो दगड अनेक पेढ्यांवरून अद्याप हललेला नाही. एखादी गोष्ट ठाम आहे असे सांगावयाचे असले म्हणजे आपण तिला काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. सराफाच्या दुकानात त्या शब्दांना आणखी एक अर्थ येतो. सोन्याचा भाव तो दगड ठरवितो, आणि त्या दगडाचा भाव मात्र कोणी विचारीत नाही.

सराफांच्या पेठांतून आणखी एक धंदा चालतो. दुकाने उघडण्यापूर्वी भल्या पहाटे काही माणसे सोनारांच्या ओट्यांपुढची धूळ झाडून गोळा करतात, गटारातील गाळ उपसतात, भट्टीतील राख विकत नेतात, आणि ते सारे पुन्हा पुन्हा धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात. उत्तरेकडे त्यांना न्यारिये म्हणतात, आपल्याकडे झारेकरी. ज्याला पेठ केर म्हणते त्यात सोने आहे हे ज्यांना ठाऊक असते, ते हे लोक.

आजचा विषय आहे आत्मकथन. तेही थोरामोठ्यांचे नव्हे, तर ज्या स्त्रियांना त्यांच्याच धर्माने उंबऱ्याशी उभे केले त्यांचे. सराफ्यातून त्याकडे वळावयाचे कारण उघड आहे. प्रत्येक धर्म आपले सोने शंभर नंबरी असल्याचे सांगतो. सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे आहेत, सर्वांभूती एकच ईश्वर आहे, माणूस जन्माने नव्हे तर कर्माने थोर होतो, हे सगळ्यांच्याच वेदीवरून, पारावरून आणि व्यासपीठावरून ऐकू येते. परंतु हे सोने घासून पाहावयाचे कोणी? ज्याला पहिल्या ओळीत आसन मिळाले आहे त्याच्या हाती ते काम देऊन उपयोग नाही. त्याला सोने नेहमीच चोख दिसणार. ते काम त्या बाईचे, जिला जन्मामुळे किंवा कातडीच्या रंगामुळे मागे सारले गेले आणि त्याच मागच्या रांगेत बाई म्हणून आणखी एक पायरी खाली उतरविले गेले. तिने आपले आयुष्य लिहिले म्हणजे धर्माच्या सोन्याची रेघ दगडावर उमटते.

आणि अशी बाई क्वचितच लिहिते. याच सराफ्यात एक कडुनिंबाचे झाड सांगितले जाते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर संस्थानचे खजिनदार अमरचंद बांठिया यांना बंडवाल्यांना पैसा पुरविल्याबद्दल येथे फाशी देण्यात आले. ती कथा गाव विसरलेला नाही. त्या सुमारास वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेत गेले होते. त्यांनी झाशी-ग्वाल्हेरकडील त्या धामधुमीची हकीकत लिहिली आणि ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ मध्ये छापली गेली. मोठे रसाळ पुस्तक आहे. परंतु त्या दिवसांत याच गल्ल्या झाडणाऱ्या बाईने काय पाहिले, ते कोठेच नाही. तिला पाटी-लेखणी कोणी दिली नव्हती, आणि दिली असती तरी तिचे ऐकून घेणारे कोण होते?

ही गोष्ट केवळ आपल्याच देशातील आहे असे नाही. अमेरिकेत मॉर्मन म्हणून ओळखला जाणारा एक ख्रिस्ती म्हणविणारा पंथ आहे. जोसेफ स्मिथ यांनी तो १८३० मध्ये स्थापिला. या पंथात जेन मॅनिंग नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री सामील झाली. जेनबाई कनेक्टिकटमध्ये स्वतंत्र म्हणून जन्मल्या होत्या, त्या गुलाम नव्हत्या. १८४३ मध्ये आपली आई, भावंडे व इतर आप्त बरोबर घेऊन त्या इलिनॉय राज्यातील नॉवू या मॉर्मनांच्या नगराकडे निघाल्या. बफेलो येथे या मंडळींना बोटीवर घेतले गेले नाही. तेव्हा ते सारे पायी निघाले. सुमारे आठशे मैलांची ती वाट होती. बूट झिजून गेले, तळवे फुटले, आणि जमिनीवर रक्ताची पावले उमटू लागली. तेव्हा सर्वांनी थांबून प्रार्थना केली, असे जेनबाईंनी सांगून ठेवले आहे. नॉवूमध्ये स्मिथ यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. तेथे त्या धुणे व स्वयंपाक करीत. पुढे स्मिथ यांची हत्या झाली, पंथाचे लोक पश्चिमेकडे निघाले, आणि १८४७ मध्ये जेनबाई सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन पोहोचल्या. ते नगर वसविणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांत त्यांची गणना होते.

येथपर्यंत ही श्रद्धेची कथा आहे. पुढे कस लागतो. १८५२ मध्ये पंथाच्या प्रमुखांनी जाहीर केले की आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्य मिळणार नाही. पंथाच्या मंदिरातील श्रेष्ठ विधी कृष्णवर्णीय स्त्रियांनाही बंद झाले. मॉर्मनांच्या समजुतीप्रमाणे मरणोत्तर कुटुंब एकत्र राहण्यासाठी ते विधी आवश्यक असतात. तेव्हा ज्या बाईने रक्ताळलेल्या पावलांनी ही वाट तुडविली, तिला परलोकात आपली माणसे भेटणार की नाही, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. जेनबाईंनी प्रमुखांना पत्रांवर पत्रे धाडली आणि हे विधी आपल्याला मिळावेत अशी विनंती वर्षानुवर्षे केली. १८९४ मध्ये त्यांच्यासाठी एक नवाच विधी काढण्यात आला. त्या विधीने त्या जोसेफ स्मिथ यांच्या कुटुंबाशी अनंतकाळासाठी जोडल्या गेल्या; पण कोणत्या नात्याने? तर सेविका म्हणून! आणि त्या विधीच्या वेळी त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांच्या जागी दुसरी एक गोरी बाई उभी राहिली.

जेनबाईंनी पंथ सोडला नाही. मागणेही सोडले नाही. उतारवयात त्यांनी आपली जीवनकथा एका बाईंकडून लिहवून घेतली आणि ती आपल्या अंत्यसंस्काराच्या वेळी वाचली जावी अशी इच्छा दर्शविली. १९०८ मध्ये त्या वारल्या. या इच्छेचा थोडा विचार करून पाहावा. जिला मंदिरात बोलता आले नाही, तिने स्वतःच्या मयताची सभा आपल्या बोलण्यासाठी राखून ठेवली. त्या दिवशी तिला मध्येच थांबविणे कोणालाही शक्य नव्हते. त्या कथेत तक्रारीचा सूर फार थोडा आहे. आपली श्रद्धा अढळ असल्याचे त्यात निक्षून सांगितले आहे. पण नेमके म्हणूनच ते टिपण बोचते. शत्रूची निंदा बाजूला सारता येते. लेकीची साक्ष बाजूला सारणे अवघड असते.

ही बंदी १९७८ च्या जून महिन्यापर्यंत टिकली. ती उठण्यापूर्वीच, १९७२ मध्ये, विनेटा मार्टिन या कृष्णवर्णीय मॉर्मन गायिकेने आपली कहाणी पुस्तकरूपाने छापली होती. बंदी उठल्यावर मेरी स्टर्लागसन पंथाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीप्रचारकांपैकी एक झाल्या व त्यांचे आत्मचरित्र १९८० मध्ये निघाले. जेनबाईंना नाकारलेला विधी त्यांच्या नावाने १९७९ मध्ये पार पडला. त्यांच्या मृत्यूला तेव्हा एकाहत्तर वर्षे होऊन गेली होती.

आता आपल्या मुलखाकडे यावयाचे. मराठीत अशी पहिली रेघ उमटली ती १८५५ मध्ये, आणि ती ओढली शाळेतल्या एका मुलीने. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्याच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदया’त त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन अंकांतून छापला गेला. हे आत्मचरित्र नव्हे हे खरे, परंतु त्यातील साक्ष स्वतःच्या वस्तीची आहे. बाळंतपणाच्या वेळी आमच्या बायकांच्या डोक्यावर धड छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात ते पाहा, असे ती सांगते. आणि मग अशी एक गोष्ट विचारते की मोठमोठ्या पंडितांची बोलती बंद व्हावी. वेद जर केवळ ब्राह्मणांचे असतील आणि आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मावाचूनचे ठरलो. मग आमचा धर्म कोणता तो देवाने तरी आम्हांला कळवावा, असा त्या मागणीचा भावार्थ आहे. या मुलीने पुढे काय लिहिले? आपल्यापुढे तरी तो एकच निबंध आहे.

तिच्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी फलटणच्या एका किराणा दुकानात बसून बेबीताई कांबळे लिहीत होत्या.

बेबीताईंचा जन्म १९२९ मध्ये पुणे जिल्ह्यातील वीरगाव येथे आजोळी झाला. लहान वयात लग्न होऊन त्या फलटणच्या घरात आल्या. पतीसह त्यांनी लहानसा धंदा मांडला. आधी द्राक्षे विकली, मग भाजीपाला, मग किराणा. मालाच्या पुड्या बांधण्यासाठी रद्दी येई. ती रद्दी बांधण्यापूर्वी त्या वाचून काढीत. वाचता वाचता आपणही लिहावे असे त्यांना वाटू लागले. परंतु घरच्यांना कळले तर काय होईल ही धास्ती होती. लिहिलेले कागद त्या दडवून ठेवीत, जेथे कोणाचा हात सहसा जाणार नाही अशा जागी. असे एक-दोन वर्षे नव्हे, सुमारे वीस वर्षे चालले. मराठीच्या अभ्यासासाठी भारतात येऊन फलटणलाच स्थायिक झालेल्या अमेरिकन विदुषी मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिखाणाविषयी कळले आणि त्यांनी ते प्रकाशात आणण्याचा आग्रह धरला. प्रथम ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमाने आले व १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने त्याचे पुस्तक झाले.

नावातला ‘आमुचं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आत्मचरित्र म्हटले म्हणजे ‘मी’ आलाच. येथे ‘मी’ फार थोडी आहे आणि वस्ती अपार आहे. आषाढातली सारवणे आणि देवीचे उत्सव, अंगात येणाऱ्या बाया, रेड्याचा बळी, मेलेल्या जनावराचे वाटे, भाकरीचे शिळे तुकडे, आणि या सर्वांवर पसरलेली भूक. बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही, सुइणींच्या हाताला शहाणपण नाही, आणि त्यातून कितीतरी बाया कोवळ्या वयात मरतात. हे सारे बेबीताई दुःखाचे प्रदर्शन न मांडता, जवळजवळ हसत हसत, आज्जीने गोष्ट सांगावी तसे सांगतात. म्हणूनच वाचणाऱ्याला मध्येच पुस्तक खाली ठेवावेसे वाटते.

त्यांनी सांगितलेल्या लहानसहान गोष्टींतच धर्माचा कस दिसतो. महारवाड्यातील बाईला लुगड्याचे काठ दिसतील अशा रीतीने निऱ्या घालता येत नसत. काठ मिरविणे हा वरच्या जातीच्या बायकांचा मान होता. वाटेने वरच्या जातीचा पुरुष दिसला की वाट सोडून बाजूस उभे राहावयाचे. मोळी घेऊन ब्राह्मण आळीत गेलेल्या बाईला आधी लाकडे निरखून पाहावी लागत, कारण तिच्या लुगड्याचा धागा किंवा डोक्याचा केस जर त्या लाकडांत अडकून आत गेला, तर घर विटाळावयाचे. लाकडे मात्र विटाळत नसत! ती त्याच बाईने रानातून तोडून, डोक्यावर वाहून आणलेली असत. शुद्धाशुद्धाची ही गणिते ज्यांनी मांडली, त्यांच्या हिशेबी मोळीचा आणि मोळीवालीचा संबंध कोठे तुटत असेल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

याच ठिकाणी सराफा पुन्हा आठवतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. तुमच्या गळ्यातील सऱ्या आणि कोपरापर्यंत चढविलेल्या रुप्या-कथलाच्या बांगड्या या तुमची जात ओळखू येण्याच्या खुणा आहेत. त्या टाकून द्या, लुगडे वरच्या वर्गातील बायका नेसतात तसे नेसा, आणि दागिना घालावयाचाच तर सोन्याचा घाला, असा त्यांचा उपदेश होता. दागिना ही हौस आहे असे आपण समजतो. त्या बायांच्या अंगावर तो दागिना म्हणजे पाटी होती, आणि ती पाटी उतरविण्यासाठी धाडस लागत होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लक्षावधी लोकांनी त्यांच्यामागून ती घेतली. बेबीताईंच्या दृष्टीने ती नव्या जन्माची पहाट होती. पुस्तकभर त्यांची ही निष्ठा तेवत राहते. तथापि त्यांची साक्ष एकतर्फी नाही, आणि तेच तिचे मोल. वरच्या जातींनी केलेल्या छळाइतक्याच स्वच्छपणे त्या आपल्याच वस्तीतील छळ सांगतात. सासरी टिकू न शकणारी कोवळी सून माहेरी पळाली की तिला धरून आणीत आणि तिच्या पायात लाकडाचा खोडा अडकवीत. तो खोडा ओढीत ती घरकाम करी व तिच्या पायाला जखमा होत. बाहेरच्यांनी आपल्याला जे केले, तेच आपण घरात सुनेला केले, असे त्यांना म्हणावयाचे आहे. आणि पुस्तकाच्या अखेरीस त्या आपल्याच शिकलेल्या पिढीला खडसावतात. बाबासाहेबांच्या पुण्याईवर नोकऱ्या मिळविल्या, बंगले बांधले, आणि मागे वस्तीत राहिलेल्या भावंडांना विसरला, असा त्यांचा आरोप आहे. नव्या धम्मालाही त्यांनी त्याच दगडावर घासून पाहिले. त्या केवळ लिहून थांबल्या नाहीत. फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी मागास मुलामुलींसाठी आश्रमशाळा उभी केली. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या दशकात मराठीत जणू बंद दारे एकामागून एक उघडली. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’, मुक्ता सर्वगोड यांचे ‘मिटलेली कवाडे’, शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, आणि पुढे २००३ मध्ये ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’. प्रत्येकीचा सूर वेगळा, आणि प्रत्येकीवर स्वतंत्र बोलावे अशी योग्यता. येथे केवळ नावे घेऊन पुढे जावे लागत आहे.

मराठी ख्रिस्ती घरांत स्त्रीचे आत्मचरित्र म्हटले की लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रथम आठवतात. ती १९३४ पासून भागाभागांनी निघाली. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झाल्या. आपले सोवळे कसे टप्प्याटप्प्याने सुटले आणि जात देवाने केली की माणसाने हा विचार मनात कसा आला, ते त्यांनी विलक्षण निर्मळपणे लिहिले आहे. वरून खाली उतरताना काय सोडावे लागते, ते या पुस्तकातून कळते. परंतु जी बाई खालूनच आली, तिला ख्रिस्तमंदिराच्या दारात कोणते स्वागत मिळाले? त्याची साक्ष शोधावयाची तर तामिळनाडूपर्यंत जावे लागते.

बामा या नावाने लिहिणाऱ्या लेखिका १९५८ मध्ये तेथील एका दलित कॅथलिक घरात जन्मल्या. लहानपणी त्यांनी आपल्या रस्त्यावरचा एक वयस्कर माणूस खाऊची पुडी दोरीने लोंबकळत, अंगापासून दूर धरून नेताना पाहिला व ते सोंग पाहून त्यांना खूप हसू आले. घरी येऊन त्यांनी मोठ्या भावाला ते सांगितले. भाऊ हसला नाही. जमीनदाराच्या खाण्याला आपला स्पर्श होऊ नये म्हणून तो तसे करीत होता, हे त्याने समजावून दिले. तेथे त्या मुलीचे हसणे थांबले. शिकून त्या शिक्षिका झाल्या. गरीब मुलांची सेवा करता यावी म्हणून त्यांनी जोगीण होण्याचा निर्णय घेतला व मठात प्रवेश केला. आत त्यांना काय दिसले? श्रीमंतांच्या मुलांसाठी चालणाऱ्या शाळा, त्या शाळांतून झाडलोटीची कामे करणारी दलित मुले, जातीवरून होणारी कुजबूज, आणि दलित मुलींना जोगीण म्हणून घेण्याची टाळाटाळ. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या त्या घरात दारिद्र्याची ओळखच नव्हती. १९९२ मध्ये त्या मठाबाहेर पडल्या, आणि त्याच वर्षी त्यांचे ‘करुक्कू’ प्रसिद्ध झाले.

करुक्कू म्हणजे ताडाच्या पानाची करवतीसारखी कड. सरपण गोळा करताना ती हाताला कापते. ख्रिस्ती वाचकाला त्यावरून शास्त्रातील दुधारी तरवार आठवावी, अशीच बामा यांचीही योजना आहे. देवाचे वचन दुधारी तरवार आहे असे आपण मोठ्याने वाचतो. ती तरवार वाचणाऱ्याच्या दिशेनेही चालते हे सोयीने विसरतो. बामा यांनी प्रभूला नाकारले नाही. ज्याने कुष्ठरोग्याला स्पर्श केला, ज्याने शोमरोनी बाईकडे पाणी मागितले, त्याच्या नावाने चालणाऱ्या घरात त्याचेच शिक्षण कोठे आहे, असे त्यांचे विचारणे आहे. ही कड ज्यांना कापली, त्यांनी ती खोटी आहे असे सिद्ध केलेले नाही. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत आहे. मेल्यावरही शेजार चालत नाही. भारतातील कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले व मंडळीत भेदभाव चालतो हे मान्य करून तो घालविण्याचा निर्धार व्यक्त केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादचे महाधर्माध्यक्ष अँथनी पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल झाले. ‘करुक्कू’ निघून तोपर्यंत तीस वर्षे झाली होती.

अशा पुस्तकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. घरातील गोष्ट घरात राहावी, चारचौघांत धर्माची बदनामी करू नये, असे सांगणारे वडीलधारे सर्व समाजांत असतात. बामा यांच्यावर तर त्यांच्या स्वतःच्या गावचे लोकही रागावले. आपल्या दारिद्र्याची लक्तरे हिने वेशीवर टांगली असे त्यांना वाटले, आणि काही महिने त्यांना गावात येऊ दिले नाही. हा राग समजण्यासारखा आहे. ज्याने अपमान सोसला, त्याला तो छापलेला पाहणे दुसऱ्यांदा सोसावे लागते. मठाचा किंवा मंदिराचा राग मात्र निराळा. त्याला अपमानाचे दुःख नसते; अपमान कोणी केला हे छापले गेले, याचे असते. या दोन रागांना एकाच मापाने मोजणे बरे नव्हे.

आणखी एक गोष्ट राहिली. न्यारियाने कितीही झाडले तरी सोन्याचा एखादा कण धुळीत राहून जातोच. बेबीताईंच्या पुस्तकाचा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये निघाला. त्या निमित्ताने दोघींची प्रदीर्घ मुलाखत झाली. लिहिलेले वीस वर्षे का दडविले, असा विषय निघाला, तेव्हा बेबीताईंनी सांगितले की पतीचा मार त्यांनीही खाल्ला होता. संशयावरूनही खाल्ला होता. मग पुस्तकात ते का नाही? ते तर साऱ्याच बायकांच्या वाट्याला येत होते, त्यात माझे निराळे असे काय, या अर्थाचे त्यांचे उत्तर होते. वस्तीतील सुनेच्या पायातला खोडा त्यांनी लिहिला. स्वतःच्या पाठीवरचे वळ लिहिले नाहीत. ‘जिणं आमुचं’ मराठीत उघडून पाहिले तर ते प्रकरण त्यात आजही नाही.